न हललेला चेंडू

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, छप्पर जागेवर आहे आणि तुझ्या कुंडीतलं ते नाजूक झाड मी अजून मारलेलं नाही. रोज संध्याकाळी फोन होत असताना बाबांना पत्र लिहायची हुक्की का आली, असं तुला वाटणार. पण आपलं फोनवरचं बोलणं ते काय असतं? तू विचारतेस औषध घेतलं का, मी म्हणतो हो, तेवढ्यात ठमी फोन ओढून घेते आणि तुम्हा मायलेकींचं सुरू होतं. मला जे सांगायचंय ते त्यात बसणार नाही. शिवाय ते मला स्वतःलाच धड कळलेलं नाही, लिहिता लिहिता कळेल अशी आशा आहे. ठमी शाळेला गेली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो आणि ती यायच्या आत कागद जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात सरकवून देतो. आज चौथा दिवस.

आधी बातमी सांगून टाकतो, म्हणजे तुला शेवटचं पान आधी वाचायला नको. लहानपणापासूनची खोड आहे तुझी ती. ठमीला गोल्फच्या संघातून काढलं आहे. परवाच्या रविवारी शेजारच्या मैदानाशी सामना आहे, चार मुलं जायची होती, त्यात तिचं नाव पहिलं होतं, ते खोडलं. कारण, ती खोटं बोलली. आणि कोचबाईंकडे तिची तक्रार केली कुणी, तर मी, तुझ्या बापाने. ती तुला फोनवर यातलं अवाक्षर बोललेली नसणार. का बोलली नाही, तेही पुढे येईल.

तुझी दीड वर्षासाठी बदली झाली, जावईबापू बोटीवर, म्हणून ठमीला माझ्याकडे ठेवायचं ठरलं. जाण्याआधी तू तिचं नाव त्या शनिवारच्या वर्गात घातलंस, तेव्हा मी किती कुरकुरलो होतो ते तुला आठवत असेल. काठीने चेंडू मारत मैलभर चालायचं आणि शेवटी तो भोकात घालायचा, यात आयुष्य शिकवण्यासारखं काय आहे, असं मी म्हणालो होतो. त्यांच्या माहितीपत्रकावर ‘खेळातून चारित्र्य’ असं छापलं होतं. चारित्र्य काय शनिवारी नऊ ते अकरा शिकवता येतं? आणि आलं, तर पावसामुळे वर्ग बुडाला की त्या आठवड्याचं चारित्र्य राहून जातं का? तू हसली होतीस आणि मला उगाच वाटलं होतं की मी जिंकलो.

ते मैदान तू पाहिलंच आहेस, पाणीपुरवठ्याच्या टाक्यांमागचं, नऊ भोकांचं. कडेला पत्र्याच्या छपराची खोली, तिच्यात एक पांढरा फळा. त्यावर कोचबाई दर शनिवारी एक शब्द लिहितात. संयम, आदर, जबाबदारी वगैरे. मग मुलं मैदानावर जाऊन तो शब्द खेळून दाखवतात. दुसरा मारत असताना तोंडातून आवाज काढायचा नाही. आपण उखडलेलं ढेकूळ आपणच परत बसवायचं. वाळूत पाय उमटले तर दाताळ्याने वाळू सारखी करूनच पुढे जायचं. सुरुवातीला मी सावलीत बसून टिंगल करायचो. पण एकदा घरी मी मध्येच बोललो तेव्हा ठमी शांतपणे म्हणाली, “आजोबा, माझं होऊ दे, मग तुम्ही बोला.” तुझी आई चाळीस वर्षं हेच सांगून थकली, पण तिला ते असं जमलं नाही. मी गप्प बसलो आणि मनात म्हटलं की पाणी वेगळं आहे या वर्गाचं.

मला खरा धक्का बसला तो त्यांच्या एका नियमाचा. या खेळात पंच नसतो. मैदान एवढं मोठं की कोण कुणावर नजर ठेवणार? लांब गवतात तुझा चेंडू पडलाय, तू काठी टेकवलीस आणि तो तुझ्या धक्क्याने चिमूटभर हलला, तर तूच हात वर करायचा आणि स्वतःला एक फटका जास्तीचा लावून घ्यायचा. ज्याचे फटके कमी तो जिंकतो, म्हणजे हात वर केला की आपलंच नुकसान. अगं, मी बत्तीस वर्षं वजनमापं तपासली. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, तळ ठोकून आत घेतलेलं दुधाचं माप, काटा बोटाने दाबून धरणारा वाणी, सगळं पाहिलं. इतक्या वर्षांत एकही माणूस स्वतःहून पुढे येऊन म्हणाला नाही की साहेब, माझं वजन कमी आहे, शिक्का मारू नका. आणि इथे दहा-बारा वर्षांची पोरं हात वर करून ‘माझा चेंडू हलला’ म्हणतात, बाकीचे आपापली काठी जमिनीवर दोनदा आपटून त्याला दाद देतात, आणि कोचबाई त्याच्या पिशवीला हिरवी फीत बांधतात. मला ते बघून गलबलून आलं. हे मी तिथे कुणाला दिसू दिलं नाही, पण तुला सांगतो.

मग मदतीला माणसं कमी पडतात म्हणून कोचबाईंनी मला विचारलं, आजोबा, तुम्ही एका गटाबरोबर फटके मोजायला जाल का? तीन मुलींबरोबर चालायचं, प्रत्येक भोकाला कुणी किती फटके मारले ते कार्डावर लिहायचं, शेवटी मुलींनी सही करायची. घरच्या मुलीच्या गटाबरोबर खरं तर जायचं नसतं, पण लोकच नव्हते. मापाच्या माणसाला मोजणीचं काम म्हणजे बसल्या जागी निवृत्तिवेतनावर बोनस. मी टोपी विकत घेतली. गटात ठमी, एक चष्मेवाली आणि मैदानाची निगा राखणाऱ्या माळीबुवांची मुलगी. ती डावखुरी आहे, म्हणून सगळे तिला डावखुरीच म्हणतात. त्या दोघी आपापला आकडा मोठ्याने सांगायच्या आणि मी लिहायचो. पण नातीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून ठमीचे फटके मात्र मी तिला न विचारता स्वतः मोजायचो. सुरुवातीला एकदा-दोनदा ती म्हणाली की आजोबा, पाच नाही, सहा झाले. मी तिला सगळ्यांदेखत झापलं. म्हटलं, तुझ्या आईच्या जन्माआधीपासून मोजतोय मी, मला मोजायला शिकवू नकोस. त्यानंतर ती कधी काही बोलली नाही.

आणि मग तिचे हात वर व्हायला लागले. एका शनिवारी एकदा, पुढच्या शनिवारी दोनदा. ‘माझा चेंडू हलला.’ काठ्या आपटल्या, फीत बांधली. दोन महिन्यांत तिच्या पिशवीला सात फिती झाल्या. कोचबाईंनी सगळ्यांपुढे तिचं उदाहरण दिलं. मी छाती फुगवून घरी आणलं तिला, आणि तुला फोनवर सांगितलंही होतं, तू केवढी खूश झाली होतीस. पण माझ्यातला तपासनीस काही निवृत्त झालेला नाही. सात म्हणजे फारच होतात. चेंडू असे सारखे हलत नाहीत. मी तिच्या मागे जरा जवळ उभा राहून डोळ्यांत तेल घालून बघायला लागलो. आणि मला दिसलं की चेंडू हललेला नाही. तिने काठी टेकवलेलीसुद्धा नव्हती. तरी हात वर. पुढच्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी चेंडू आखूड गवतावर ठेवल्यासारखा स्वच्छ पडला होता, मी चार पावलांवर होतो, आणि तो तसूभरही हलला नाही.

माझी काय अवस्था झाली असेल सांग. कमी वजन देणारे हजार पाहिले, जास्त देऊन फसवणारा कधी पाहिला नव्हता. मी आठवडाभर विचार केला आणि एकच उत्तर सुचलं, की पोरीला कौतुकाची चटक लागली. प्रामाणिकपणाची फीत मिळवायला ती खोटं बोलते आहे. या वर्गाने तिला हेच शिकवलं की काय? मला तिचा राग आला, वर्गाचा आला, तुझाही आला, खोटं कशाला सांगू. तिला घरी एकटीला विचारायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा मी शनिवारी वर्ग सुटल्यावर सरळ कोचबाईंकडे गेलो. त्यांनी ठमीला बोलावलं. विचारलं, चेंडू हलला होता का? ठमीने आधी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाली, “नव्हता.” का केलंस असं? त्यावर तिने स्वतःच पिशवी उचलून बाईंपुढे ठेवली. बाईंनी तिच्या पिशवीच्या फिती सोडल्या आणि संघाच्या यादीतून नाव खोडलं. त्या चांगल्या बाई आहेत. घरी येताना ठमी पुढे पळाली नाही की मागेही राहिली नाही. रस्ता ओलांडताना तिने रोजच्यासारखा माझा हात धरला. मला वाटलं, काय निर्ढावलेली पोर आहे.

पुढच्या शनिवारी ठमी गेली नाही, मी गेलो. दिलेला शब्द पाळायचा असतो ना, फळ्यावर लिहिलेलं असतं. माझ्या गटात आता डावखुरी, चष्मेवाली आणि एक नवी मुलगी. कोचबाईंनी त्या दिवशी सगळ्या मोजणाऱ्यांना एकेक छोटं मोजणीयंत्र दिलं, तळहातात मावणारं, एक फटका झाला की अंगठ्याने कळ दाबायची, आकडा पुढे सरकतो. नव्या मुलीला आकडा सांगायची सवय नव्हती म्हणून तिचे फटके मी मोजत होतो. तिसऱ्या भोकाला माझ्या डोक्यात सहा आणि यंत्रात सात. मी यंत्रावर विश्वास ठेवला नाही, सहा लिहिले. सहाव्या भोकाला पुन्हा तसंच. यंत्र बिघडलंय म्हणून मी ते कोचबाईंना सांगून खिशात घालून घरी आणलं. बिघडलेलं माप बाजारात फिरू द्यायचं नाही, हा आमच्या खात्याचा पहिला धडा.

रविवारी सकाळी टेबलावर काडेपेट्या रिकाम्या केल्या. शंभर काड्या डावीकडे. एक उचलायची, उजवीकडे ठेवायची, कळ दाबायची. यंत्र शंभर. पुन्हा केलं, शंभर. मग यंत्र बाजूला ठेवलं आणि नुसतं मनात मोजत शंभर काड्या सरकवल्या. मनातला आकडा आला चौऱ्याण्णव. दुसऱ्यांदा सत्त्याण्णव. तिसऱ्यांदा मध्येच माझ्या हातात एक काडी होती आणि ती मी डावीकडून उचलली की उजवीकडून हे मला कळेना. भिंगरी, मी किती वेळ ती धरून बसलो होतो ते मला सांगता येणार नाही. ठमी आतून आली, तिने काड्या बघितल्या, माझ्या हातातली घेतली आणि म्हणाली, चहा करू का? तपासणीत यंत्र खरं निघालं होतं. खोटं होतं ते त्याच्या शेजारी खुर्चीवर बसलं होतं.

सोमवारी यंत्र परत द्यायला मैदानावर गेलो. डावखुरी तिथेच राहते, एकटीच भोकाशी चेंडू ढकलत होती. तिला मी विचारलं की मी मोजताना चुकतो का गं? ती बुटांकडे बघायला लागली. मग म्हणाली, “आजोबा, तुम्ही कधी कधी एक विसरता. मग ठमी पुढच्या भोकाला हात वर करते.” आणि हे सगळ्यांना माहीत आहे? तर हो, दोघींना पहिल्यापासून माहीत होतं. ठमीनेच सांगितलं होतं की बोलायचं नाही.

तुझ्या लक्षात आलं का? मला यायला वेळ लागला. ती चौथ्या भोकाला सहा फटके मारते, मी पाच लिहितो. ती मला सांगू शकत नाही, सांगितलं की मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडतो. कमी फटक्यांच्या कार्डावर सही केली तर ती तिच्या हिशेबी चोरी. मग ती पाचव्या भोकाला न हललेला चेंडू हलला म्हणते आणि तो राहिलेला फटका भरून काढते. जुन्या तराजूची पारडी सारखी नसली की दुकानदार हलक्या बाजूला एक खडा बांधायचे, त्याला पासंग म्हणतात. तो दिसला की मी तराजू जप्त करायचो. माझ्या नातीने माझ्याच तराजूला पासंग बांधला आणि मला दिसला नाही. नियमाने बघायचं तर तेही चूकच, कारण प्रत्येक भोकाचा आकडा वेगळा बरोबर असावा लागतो. पण बारा वर्षांच्या डोक्याला बेरीज जुळली की पुरे. आणि इथेच माझी मती गुंग होते. खोटं बोलून तिने कार्ड खरं ठेवलं. मी खरं बोलून तिला खोटी ठरवलं. यात प्रामाणिक कोण, सांग बरं तू. मी चार दिवस विचार करतोय आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं.

त्या दिवशी ती शाळेतून आल्यावर मी तिला समोर बसवलं आणि माफी मागितली. कशाची ते तिला लगेच कळलं. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती घाबरली. म्हणाली, तुम्ही कोचबाईंना सांगितलं का? नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. मग मी विचारलं की आणखी काय काय विसरतो मी? तिला सांगायचं नव्हतं. मी रेटून विचारलं. गेल्या महिन्यात न्हाणीघराचा नळ चालू राहून पाणी पार दारापर्यंत आलं होतं, तो नळ मी सोडला होता. जळलेलं पातेलं माझं. दार सताड उघडं टाकून बाजारात गेलो होतो, तेही मीच. दर वेळी ती ‘माझ्याकडून राहिलं’ म्हणाली होती. आणि मी तिला जबाबदारी या विषयावर अर्धा अर्धा तास सुनावलं होतं, तिच्याच फळ्यावरचे शब्द वापरून. तुला फोनवर सांगितलं होतं ना मी, की पोरगी फार धांदरट झालीय? तूही तिला बोललीस. तिने दोघांचं ऐकून घेतलं. तुझ्याशी बोलताना मी अडखळलो की फोन ती ओढून घेते, ते लाडाने नाही. मला वाटायचं, मी तिला सांभाळतो आहे.

बुधवारी मी कोचबाईंकडे जाऊन आलो, ठमीला न सांगता.  सगळं ऐकून त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, मागून पुढून चाळलं आणि म्हणाल्या, आजोबा, याला यात नाव नाही. संघात तिला परत घ्यायला त्या एका पायावर तयार आहेत. पण बाकीच्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना कारण सांगावं लागेल, नाहीतर खोटं बोलणारीला परत घेतलं असंच सगळे म्हणतील. आणि कारण एकच आहे, ते म्हणजे मी. मी ठमीला आडून आडून विचारून पाहिलं, की आजोबांनी सगळ्यांना खरं सांगितलं तर? तिने साफ नाही म्हटलं. म्हणाली, “मला खोटारडी म्हटलं तर चालेल. पण ते लोक आईला सांगतील, मग आई मला वसतिगृहात घालेल आणि तुम्हाला कुठेतरी ठेवेल.” कुठेतरी म्हणजे कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. मग तिने माझा हात हातात घेऊन वचन मागितलं की आईला कळू द्यायचं नाही. मी दिलं. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, कारण मलाही तेच हवं होतं. ती गेली तर हे घर मला खायला उठेल. हे मी तिच्याजवळ बोललो नाही, पण दोन दिवस हाच विचार करत होतो, की एका खेळाच्या संघाचं एवढं काय, पोरीचं नाव काय आज ना उद्या लोक विसरतील.

काल पाकीट शोधायला टेबलाचा खण उघडला. त्यात माझ्या अक्षरातले दोन कागद सापडले. दोन्हींवर वर ‘प्रिय भिंगरी, पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस’. एकावर तारीख तीन महिन्यांपूर्वीची, दुसऱ्यावर दोन महिन्यांपूर्वीची. दोन्हींत तुझ्या कुंडीबद्दल तोच विनोद आहे. आणि दोन्हींत पुढे लिहिलंय की मला हल्ली काहीतरी होतंय, काय ते कळत नाही, ठमीला सांगू नकोस. तिथे कागद संपतो. ते मी कधी लिहिले ते मला आठवत नाही. म्हणजे मला माहीत होतं, आणि माहीत होतं हेही मी विसरलो. आणि त्यानंतर त्याच डोक्याने मी जाऊन माझ्या नातीवर खोटेपणाचा आरोप केला. हे वाचल्यावर मात्र माझा निर्णय झाला. उद्या शनिवारी वर्ग भरला की मी त्या पत्र्याच्या खोलीत सगळ्यांपुढे उभा राहून सांगणार आहे की फटके मी विसरत होतो. उद्यापर्यंत मी हेही विसरेन किंवा घाबरेन, म्हणून सगळं एका कागदावर लिहून कोचबाईंकडे आजच देऊन आलो. मी नाही बोललो तर त्या वाचतील. लाज वाटते आहे, खूप वाटते आहे.

आता हे पत्र कशासाठी ते. ठमीला दिलेलं वचन मी मोडतो आहे, आणि ती मला माफ करेल की नाही मला माहीत नाही. भिंगरी, मला डॉक्टरकडे ने. पुढे मी कुठे राहायचं ते तू ठरव, मी वाद घालणार नाही. फक्त तिला वसतिगृहात घालू नकोस, तुझ्याजवळ ठेव. तिने बारा वर्षांची असताना एका म्हाताऱ्यावर पहारा ठेवायला नको होता, आणि तो तिने माझ्या नकळत किती महिने ठेवला ते मला कधीच कळणार नाही. पत्र मिळाल्या मिळाल्या तू फोन करशील, आणि तो तीच उचलेल. ती म्हणेल की आजोबा मजेत आहेत, उगाच घाबरून लिहिलंय, नळ माझ्याकडून राहिला होता आणि चेंडू खरंच हलला होता. शांतपणे, न अडखळता सांगेल. तुला ते पटेल, कारण स्वतःच्या फायद्यासाठी ती मुलगी आजवर एकदाही खोटं बोललेली नाही. तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. तू ये.

तुझाच,
बाबा